मागच्या भिंतीवरची पाटी

भाचीने साक्षीदार व्हायला बोलावलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्यापुढे नाही म्हणणार कोण? नववीत आहे, आणि तोंडाचा पट्टा असा की घरात आम्ही तिला वकीलसाहेबच म्हणतो. यंदा तिच्या शाळेत नागरिकशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकवत नाहीत. मुलं निवडणूक घेतात, मंत्रिमंडळ बनवतात, आणि शनिवारी खऱ्या कोर्टातल्या एक वकीलबाई येऊन त्यांच्याकडून सभागृहात खटले चालवून घेतात. मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत गृहपाठ रद्द केला. तो ठराव मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर अजून धूळ खात पडलाय.

मला ही सगळी मुलं ओळखतात, कारण त्यांच्या शाळेची बस मी चालवते. सगळ्यांचीच मी मावशी. आणि त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की मावशीला वर्षभरापासून नीट दिसत नाही.

झालं, सांगून टाकलं एकदाचं. उजव्या डोळ्यापुढे साय धरल्यासारखं झालंय आणि डावाही त्याच वाटेवर आहे. लायसनच्या तपासणीत माझ्या पुढचा माणूस अक्षरं मोठ्याने वाचत होता. ती मी ऐकून पाठ केली आणि धडाधडा म्हणून दाखवली. बाहेर येऊन स्वतःवर खूष झाले, मेली! रस्ता पाठ, थांबे पाठ, मुलं आवाजावरून कळतात, मग अडतंय कुठे, अशी मनाची समजूत घालायची. खरं कारण वेगळंच होतं. डोळ्यांचं नाव काढलं की बस दुसऱ्याच्या हातात जाणार आणि मी बहिणीच्या घरात भाजी निवडत बसणार.

गेल्याच आठवड्यात वळणावर एक सायकलवाला अचानक समोर आला. अचानक कसला, तो होताच तिथे, मला उशिरा दिसला. ब्रेक दाबला तशी मुलं पुढच्या सीटवर आदळली आणि तो बिचारा फुटपाथवर कोलमडला. आणि मी काय केलं? खिडकीतून डोकं काढून त्याचाच उद्धार केला. "डोळे घरी ठेवून आलास का रे?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या सीटवर बसणारी पाचवीतली पिटुकली दिवसभर तेच वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरली.

तर शनिवारचा खटला. लिहून दिलेली गोष्ट अशी की एका स्कूटरवाल्याने संध्याकाळी कुणाला तरी धडक दिली आणि तो पळाला. मी समोरची दुकानदारीण, दारातून त्याचा नंबर वाचलेली. भाची सरकारी वकील, म्हणजे माझ्याच बाजूची. आठवडाभर जेवताना तिने माझी अशी उजळणी घेतली की घास गिळवेना. पण वकीलबाईंची एक रीत आहे. खटला सुरू व्हायच्या क्षणी त्या बाजू बदलतात. "वकिलाला दोन्हीकडून भांडता आलं पाहिजे," म्हणाल्या, आणि भाचीला उचलून आरोपीच्या बाजूला बसवलं. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला असावा. मला कुठला दिसायला!

न्यायाधीश होता दहावीतला एक मुलगा. बोलणं इतकं पोक्त की त्याला सगळे आजोबा म्हणतात. त्याने मला शपथ दिली. वकीलबाईंनी नियम सांगितला: गोष्ट कागदावरची सांगायची, पण स्वतःविषयी विचारलं तर खरंच बोलायचं. "हो हो," म्हटलं, "मी काय खोटं बोलणार?" सगळे हसले. मला हसवायची सवयच आहे.

माझी साक्ष झोकात झाली. मग भाची उठली.

"साक्षीदार, तुम्ही दुकानाच्या दारात होतात?"

जन्मात पहिल्यांदा तिने मला तुम्ही म्हटलं. मला हसू फुटलं. "होते."

"आणि एवढ्या लांबून तुम्ही नंबर वाचलात?"

"वाचला की."

"मग हे सभागृहही तेवढंच लांब आहे. मागच्या भिंतीवर पाटी आहे. ती वाचून दाखवा."

माझ्या पाचावर धारण बसली. मला भिंत दिसत होती. भिंतीवर काहीतरी लाल होतं. खरं सांगायची तीच वेळ होती, शपथही ताजी होती. पण समोर मोठ्या बाई बसलेल्या, सगळी बस बसलेली. सभागृहात काय लिहितात लोक? मी छाती पुढे काढून थाप ठोकली, "शांतता राखा!"

सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. त्यांना वाटलं मावशीने फिरकी घेतली. भाचीही हसत न्यायाधीशाकडे वळली. "महोदय, तिथे 'बाहेर जाण्याचा मार्ग' लिहिलंय, हातभर अक्षरात. साक्षीदाराला तेसुद्धा..."

आणि ती थांबली.

ती रोज सकाळी माझ्या मागच्या सीटवर बसते. त्या वळणावर तिचंही कपाळ आपटलं होतं, टेंगूळ आलं होतं. ती हळूच माझ्याजवळ आली. "मावशी, तुला खरंच दिसत नाहीये?"

हा वकिलाचा प्रश्न नव्हता. मी मान खाली घातली. हसणं एका टोकाकडून थांबत गेलं आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भाची घाईघाईने म्हणाली, "महोदय, मी शेवटचा प्रश्न मागे घेते." आजोबाने वकीलबाईंकडे बघितलं. त्याने निकाल वाचला, पण आज त्याचा आवाज लहान मुलासारखा येत होता. साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून आरोपी सुटला.

आता खरी लाजेची गोष्ट ऐका. एवढं झालं तरी मी अक्कल शिकले नाही. गर्दीतून सटकले आणि तडक बसकडे गेले. आजची एक फेरी, फक्त आजची, उद्या डॉक्टरकडे जाईन, असं पुटपुटत किल्ली काढली. मोठ्या बाईंनी हाक मारली, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. मुलं नेहमीसारखी रांगेत उभी होती. बसच्या दारात कुणीतरी दोन्ही हात आडवे करून उभं होतं. जवळ गेल्यावर कळलं, भाची.

"सर बाजूला," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"नाही." ती जागची हलली नाही. मग रांगेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "कुणी चढायचं नाही. बस बिघडली आहे."

माझी अब्रू झाकायला माझं पोर सगळ्यांसमोर खोटं बोलत होतं. तेही माझ्याकडूनच शिकलेलं, त्याच झोकात. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मुलांकडे वळले. चेहरे दिसत नव्हते, ते बरंच होतं.

"बस ठणठणीत आहे," मी म्हटलं. "माझे डोळे बिघडलेत. खूप दिवस झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही."

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. मोठ्या बाई येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या. रांगेत सगळ्यात पुढे असते ती पिटुकली माझ्यापाशी आली. तिचा आवाज मी कुठेही ओळखेन.

"मावशी, मग त्या सायकलवाल्याची चूक नव्हती?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्याची नव्हती."