बिनकानाचा घोडा

माझ्या मुलीला, सायलीला, किशोरशी लग्न करायचं होतं आणि मला किशोरचा संशय होता. चित्रकलेचा मास्तर, गाव पेठ तालुक्यातलं, आणि दर रविवारी जुने दगड मोजत हिंडतो. दगड मोजणारा ते विकतही असणार. तीस वर्षं जकात नाक्यावर गाड्या तपासल्यात मी, माणूस ओळखतो.

"नकार देण्याआधी एक दिवस त्याच्याबरोबर फिरा तरी," सायली म्हणाली. म्हणून त्याच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो.

वाटेत त्याने पिठाच्या गिरणीला टेकवलेला एक वीरगळ दाखवला. दगडात कोरलेला वीर मरून आडवा पडला होता, पण मिशांचा पीळ शाबूत! मला हसू आलं. तेवढ्यात किशोरने टेप काढून उंची-रुंदी वहीत लिहिली. गिऱ्हाइकाला हेच तर लागतं.

दुपारी त्याच्या गावच्या वाघदेवापाशी पोहोचलो. लाकडी फळीवर सूर्य, चंद्र, नाग आणि मांजराच्या तोंडाचा वाघ. खाली नवसाचे मातीचे घोडे. किशोर बाजूला जाऊन फोनवर हळूच म्हणाला, "लहान वाघ सापडला. मापं पाठवतो." माझी खात्रीच पटली.

त्याच्यावर नजर ठेवता ठेवता मला गवतात एक बोटभर घोडा दिसला. एक कान तुटलेला, पावसाने झिजलेला. टाकून दिलेलाच दिसत होता. घरच्या शोकेसमध्ये शोभेल म्हणून मी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

निघताना देवाची जागा झाडणारी म्हातारी भागीबाई आडवी आली. "देवाचा घोडा गेला! कोणी नेला?"

"याची पिशवी बघा," मी ताबडतोब किशोरकडे बोट दाखवलं. सायलीचा चेहरा पांढरा पडला. किशोरने पिशवी उपडी केली. टेप, पेन्सिली, दोन केळी आणि उघडी पडलेली वही: पानोपानी वीरगळांची, वाघदेवांची चित्रं, मापं, आणि वर लिहिलेलं, 'तालुक्यातल्या जुन्या देवांची नोंद, शाळेसाठी'.

"कान तुटेल होता त्याचा," भागीबाई म्हणाली. "नातीचा ताप उतरला तवा वाहिला. मोडला म्हणून काय झालं? माती होईस्तवर तो देवाचाच हाय."

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. किशोरने तो पाहिला.

"आजी, मीच दिला होता काकांना, फोटोसाठी धरायला."

"इथला असून तुला कळत नाय?" म्हातारीने त्याला चारचौघांत झाडलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी घोडा गवतात ठेवला. खरं बोलायला जीभ उचलली नाही. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आम्ही परत निघालो. घाट लागला तेव्हा सायलीने घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग बाबा, तुमचा नकारच ना?"

"ते नंतर," मी म्हणालो. "आधी गाडी मागे वळवा, जावईबापू. भागीबाईंना सांगायचंय, घोडा मी उचलला होता."