ढिली कड

भावजयीने, धाकट्या भावाच्या विधवेने, कुदळ आणि फावडं आणून थोरल्याच्या पायाशी आदळलं.

"उचला, भाऊजी. नाहीतर भंगारात घाला. आठ महिने माझ्या दारात गंजतंय हे, आता बघवत नाही."

थोरला ओट्यावर बसला होता तो हललासुद्धा नाही. विहीर खोदावी ती या दोघा भावांनीच, असं लोक म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी वस्तीची विहीर खणताना धाकटा आत होता, थोरला वर. आतून हाक आली, "दादा, कड ढिली वाटते. फळ्या लावून घेऊ." थोरला म्हणाला, "आणखी दोन हात जाऊ दे, उद्या लावू." तासाभरात कड ढासळून धाकट्याच्या अंगावर बसली. उकरून काढेस्तोवर धाकटा गार पडला होता.

लोक म्हणाले, नशीब. ते दोघांतलं बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं. थोरल्याने तेव्हापासून प्रार्थनाघराचं तोंड पाहिलं नाही. दोनदा मात्र त्या अर्धवट विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला होता, आणि दोन्ही वेळा पाय मागे घेतल्याची त्याला शरम वाटली होती.

"मी रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते," भावजय म्हणाली.

"नको घेऊस, पोरी. तुला काही ठाऊक नाही."

"पहिले तीन महिने मी देवाला शिव्याच घातल्या. त्याने ऐकून घेतल्या. तुमचंही ऐकेल. रविवारी या."

रविवारी तो गेला, दाराशी टेकला. गाणं संपलं तसा उठून उभा राहिला.

"मी मारलं त्याला," तो म्हणाला, आणि फळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

भावजय उठली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर चालती झाली.

प्रार्थनाघराचे पाळक त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसले.

"आता मी काय करू?" थोरल्याने विचारलं.

"मला नाही सांगता यायचं. प्रभूला विचार. त्याच्यापासून लपवायला आता तुझ्याकडे काही उरलं नाही."

थोरल्याने कपाळ जमिनीला टेकलं. "प्रभू येशू, मला माफ कर. आणि मला मागे कशाला ठेवलंस ते तरी दाखव."

आवाज आला नाही, काही नाही. पण डोक्यातला आठ महिन्यांचा कल्लोळ एकाएकी थांबला, आणि एकच गोष्ट लख्ख दिसली: वस्तीतल्या बाया अजून डबक्याचं गढूळ पाणी भरत होत्या.

सोमवारपासून त्याने त्या अर्धवट विहिरीच्या कडांना, ठोकलेल्या फळीवर पाय देत, वरून खालपर्यंत फळ्या ठोकल्या. चार दिवस लागले. पण खणायला उतरताना दोर धरायला एकही माणूस तयार होईना. भावाला गाडणाऱ्याचा दोर कोण धरणार? पाचव्या दिवशी तो एकटाच उतरायला म्हणून झाडाला दोर बांधत होता, तेवढ्यात भावजय आली. डोळे सुजलेले. तिने दोर त्याच्या हातातून ओढून घेतला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, भाऊजी. रोज सकाळी उठून देवाकडे तेवढं बळ मागते. अजून मिळालं नाही."

"मग दोर कशाला धरतेस?"

"मिळेपर्यंत हातांनी काय करायचं?" तिने दोराचा वेढा कमरेभोवती घेतला, टाच मातीत रोवली. "उतरा."

तो उतरला. दोर ताठ झाला, करकरला, पण सुटला नाही. मातीची पहिली पाटी वर आली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं.