मागची खोली

तिने खिडकीच्या चौकटीत रबराची पट्टी अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत नेली, झडप ओढून कडी लावली आणि डोळे मिटून उभी राहिली. खाली चौकात बसने करकचून ब्रेक दाबला. आवाज जरा बोथट झाला होता, इतकंच.

मुलांच्या रुग्णालयात ती रात्रपाळीची परिचारिका होती. सगळं शहर कामाला लागायचं तेव्हा ती अंथरुणाला पाठ टेकायची, आणि नेमकं तेव्हाच समोरच्या टायरवाल्याचं हवा भरायचं यंत्र घरघरू लागायचं. जाड पडदे लावून झाले, कपाट रस्त्याकडच्या भिंतीला सरकवून झालं, कानात बोळे घालून झाले. बोळ्यांनी कान तेवढे दुखू लागले. मागच्या आठवड्यात तर एका बाळाच्या सलाइनमध्ये शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं औषध तिच्या हातून जाणार होतं. सोबतच्या परिचारिकेने मनगट धरलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर ती न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसून राहिली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली की आता नोकरी सोडते. त्याने एवढ्या एका वेळेला थांब म्हणून तिची समजूत काढली आणि सुतार धाडून देतो असं सांगून कामावर गेला.

घरात एक शांत खोली होती. मागची, परसाकडे उघडणारी. तिथे सासरे झोपत. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणंही कमी झालं होतं. रात्रपाळी सुरू झाली तेव्हा तिने एकदा मनाचा हिय्या करून जेवताना विचारलं होतं, मागची खोली आम्हाला मिळाली तर बरं होईल. त्यांनी मान वर न करता शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायले आणि उठून गेले. ते तिच्या मनाला फार लागलं. नवऱ्याला तिने त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्यानंतर सासऱ्यांचं ताट, औषधं, धुतलेले कपडे सगळं वेळच्या वेळी होत राहिलं, पण कामापुरतं बोलण्यापलीकडे ती गेली नाही.

सुतार आला. त्याने झडप हलवून पाहिली, लाकूड वाकलंय म्हणाला, पट्ट्या लावून या फटी बुजायच्या नाहीत. मग त्याने झडप बिजागऱ्यांतून उतरवायला घेतली. सासरे न बोलावता आले आणि रस्त्याकडे पाठ करून त्यांनी झडपेची दुसरी बाजू धरली.

तेवढ्यात खिडकीखालीच ट्रकने असा भोंगा वाजवला, की सुताराच्या हातून पेचकस निसटला आणि तिचा हात छातीवर गेला. सासऱ्यांची पापणीसुद्धा लवली नाही. पेचकस पायाशी पडलेला दिसला तेव्हा ते वाकले, तो उचलून त्यांनी सुताराच्या हातात दिला आणि पुन्हा झडप धरली.

ती बघतच राहिली. झडप भिंतीला टेकवून सुतार मोठे स्क्रू आणायला खाली उतरला, तशी सासऱ्यांच्या मागे जाऊन तिने हलकेच हाक मारली. मग जरा मोठ्याने. ते लाकडावरची धूळ पुसत होते, पुसतच राहिले.

ती वळसा घालून त्यांच्यासमोर आली.

"बाबा, मला दिवसा झोप लागत नाही. मागची खोली आम्हाला द्याल का?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. तिचं बोलून झाल्यावरही क्षणभर तिथेच बघत राहिले.

"घ्या की. मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले होते. जेवताना."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"जेवताना मान खाली असते गं," ते म्हणाले. "समोरच्याचं तोंड दिसत नाही."

तिला हसूच आलं. इतके दिवस आपण कशावर रुसून होतो, तेच तिला कळेना. तेही ओशाळून हसले. मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला.

"त्याला सांगू नकोस. डोक्याला ताप करून घेईल."

"नाही सांगत. पण आमच्या रुग्णालयाच्या शेजारीच मोठ्यांचे कान तपासतात. माझ्याबरोबर यायचं."

"बघू."

"बघू नाही. यायचं."

त्यांनी मान डोलावली.

झडप पुन्हा जागेवर बसवल्यावर सुताराच्याच मदतीने खाटा इकडच्या तिकडे झाल्या. तिने मागच्या खोलीचं दार लोटलं आणि उशीला डोकं टेकलं, त्यापुढचं तिला काही आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ, हेही पटकन कळेना. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता.

नवरा घरी आला होता आणि काळजीत होता. चौकातल्या त्या गोंगाटात बाबांना झोप कशी लागणार, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"त्यांना रस्ता बघत बसायला आवडतं," ती म्हणाली. "मीच आधी विचारायला हवं होतं."

पुढच्या खोलीत सासरे खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. ती पुढे जाऊन त्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.

"ठेव. पण आधी बस जरा," ते म्हणाले.

तिने दुसरी खुर्ची ओढली. त्यांच्या शेजारी मोकळी जागा होती, पण तिने ती समोर ठेवली.