इंदूआत्याच्या डोक्यातला फुगा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कर्जतजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत राहतो. जुना म्हटलं म्हणून कीव करू नका हं! गणितात मी अजून भल्याभल्यांना भारी पडतो.

नऊ वर्षांपूर्वी माझे सुटे भाग टेंपोतून आले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख रोहिणी मॅडमनी ते स्वतः जोडले. पाइपातून पाणी कसं वाहील, याची गणितं मी रसायनीच्या एका कारखान्यासाठी सोडवली. तेव्हा काय माझा थाट! पुढे नवे चकचकीत संगणक आले आणि मुलं माझ्यावर जेवणाचे डबे ठेवू लागली. खरं सांगतो, मी रुसलो होतो.

मग मॅडमची विद्यार्थिनी हर्षला आली. तिला रक्ताचा प्रवाह मोजायचा होता. मेंदूतली रक्तवाहिनी कधीकधी एका जागी फुग्यासारखी फुगते. तो फुगा फुटला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर त्यात बारीक तारेची वेटोळी भरतात, म्हणजे रक्त आत शिरत नाही. उपचारानंतरही थोडं शिरतंय का, याचा अंदाज मी गणिताने काढायचो.

हर्षलाची आत्या इंदूबाई साजगावची. तिच्या डोक्यातल्या फुग्यावर असाच उपचार झाला होता. सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं, तर आत्या हटून बसली.

"मला काय झालंय? चांगली धडधाकट हाय. भात झोडायचं सोडून दवाखान्यात कशाला जाऊ?"

हर्षलाचा जीव टांगणीला लागला. आत्याला विचारून तिने उपचारानंतरच्या स्कॅनची सीडी मला दिली. दोन दिवस मी गणित करत होतो. उत्तर पाहून मीच हबकलो. फुग्याच्या तोंडाशी एका कडेने रक्त अजून आत शिरत होतं! हर्षलाने आत्याला हाताला धरून माझ्यापुढे बसवलं. वेगाने शिरणारं रक्त मी लाल रंगात दाखवलं.

"लालभडक हाय की! म्हंजे रक्त झकास चाललंय," आत्या खुशीत म्हणाली.

अरे देवा! माझ्या रंगांनी घोटाळाच केला. हर्षलाने पटकन रंग काढून टाकले आणि प्रवाहात भाताच्या तुसासारखे ठिपके सोडले. आत्या पुढे सरकली. जन्मभर भातशेती केलेली बाई ती, वाहतं पाणी तिला कुणी शिकवायला नको. ठिपके वळून फुग्यात शिरताना दिसले आणि तिचा चेहरा उतरला.

"बांध घातला, पण कडेला भोक ऱ्हायलंय गं. आसंच ऱ्हायलं तर फुटंल."

"इंदूताई, हा फक्त अंदाज आहे. खरं काय ते डॉक्टरच तपासून सांगतील," शेजारी उभ्या असलेल्या रोहिणी मॅडम म्हणाल्या.

"मंग उद्याच जाते."

तपासणीत भोक खरंच निघालं आणि डॉक्टरांनी ते वेळेत बंद केलं. काही महिन्यांनी आत्या पोहे घेऊन आली, तेव्हा तिच्या नव्या स्कॅनवर माझं गणित चालू होतं. या खेपेला फुग्यात एकही ठिपका शिरला नाही. मला तर नाचावंसं वाटलं! आत्याने कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दचकून मागे घेतला.

"अगं, ह्यो केवढा तापलाय! धापा टाकतोय बघ. ह्याला कवा तपासलं व्हतं?"

"चालतोय की गं आत्या. त्याला काय झालंय?"

"मी पण आसंच म्हनत व्हते."

हर्षलाने लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलून मला उघडलं. माझ्या पंख्यातून ओंजळभर धूळ निघाली. आणखी महिनाभर तसाच राहिलो असतो, तर जळूनच गेलो असतो. म्हणून सांगतो मित्रांनो, तब्येत झकास वाटली तरी ठरलेल्या तारखेला तपासणीला जा. आणि निघण्याआधी आमच्यासारख्यांच्या पंख्यावरही एक फुंकर मारा.