आल्याचं बेणं

जांबोटीच्या पुढं, दिवसाला दोनच बसा येतात अशा वाडीत मालुबाई जिवाणूंची पाकिटं वाटायची. महिला गटातून ती बेळगावला तीन दिवस शिकून आली होती. मातीतले हे जिवाणू आल्याच्या मुळाभोवती वस्ती करतात आणि कंद कुजवणाऱ्या बुरशीला जागाच ठेवत नाहीत, एवढं तिला पक्कं कळलं होतं. भुकटी पाण्यात कालवायची, बेणं अर्धा तास बुडवायचं, मग लावायचं. दोन पावसाळे तिचं आलं कुजलं नाही. ते बघून शेजारच्या रानातल्या भावकूआप्पांनी बेण्याला बुरशीनाशक लावायचं सोडलं. सत्तरीचा माणूस, म्हणाले, आता तू सांगशील तसं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला लोंढ्याला गेली. इकडं पाकिटांचं खोकं बसनं आलं आणि जांबोटीत एका दुकानाच्या पत्र्याखाली पाच दिवस उन्हात पडून राहिलं. ती आणायला गेली तेव्हा खोकं नुसतं तापलेलं होतं. हे जिवंत असतात, उन्हानं मरतात, असं शिकवणाऱ्या बाईंनी दहादा बजावलेलं. पण दुसरं खोकं यायला पंधरवडा गेला असता आणि लोक बेणं काढून थांबले होते. पाकिटावरची तारीख तर संपली नव्हती. तिनं पाकिटं वाटली.

ऑगस्टमध्ये आप्पांचं आलं पिवळं पडलं. ओढलं की खोड हातात यायचं, खाली घाण वासाचा लगदा. पंधरा दिवसांत सगळं रान बसलं. औंदा पाऊसच लई, एवढंच ते सांगत राहिले. मालुबाईला ते ऐकवेना. एका सकाळी ती बांध ओलांडून गेली. आप्पा चर खणून पाणी काढत होते. तिनं खोक्याचं सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग तिच्या रानाकडं बघून विचारलं, "मग तुझं कसं कुजलं न्हाय गं?"

मालुबाईला मान वर करता येईना. "मी माझ्या बेण्याला बुरशीनाशक लावलतं, आप्पा."

"म्हंजे तुला ठावं होतं."

"व्हय."

आप्पा पुन्हा चर खणायला लागले. पाकिटं घेतलेल्या उरलेल्या चार घरी जाऊन तिनं हेच सांगितलं. एका घरी शिव्या मिळाल्या. त्या तिला सोप्या वाटल्या.

माघात आलं काढल्यावर बेण्याचं एक पोतं तिनं आप्पांच्या घरी नेऊन ठेवलं. आप्पांच्या बायकोनं, रुक्माबाईनं, ते आत घेतलं. दुसऱ्या दिवशी पोतं मालुबाईच्या घरापुढच्या सोप्यात होतं, तोंडाची सुतळी न सोडलेलं.

पुढच्या मे महिन्यात ती स्वतः बेळगावला जाऊन, बर्फाच्या डब्यातून ताजी पाकिटं घेऊन आली. वाडीत कुणीच घेतली नाहीत. आप्पांनी त्या रानात नाचणी केली. बांधावर भेटले तर ते आजही विचारलं तेवढं बोलतात.