नकाशावरचे चौथे शहर

मित्रांनो, अकोल्याच्या जठारपेठेत एका लोखंडी कपाटाच्या डोक्यावर गुंडाळून ठेवलेला जो तुम्हाला दिसतो आहे, तो मी चीनचा एक जुना नकाशा. माझी खालची काठी निखळली आहे आणि समुद्राच्या निळ्या रंगाला कसर लागली आहे. पण माझे रडगाणे मला गायचे नाही. मला दुर्गाबाईंविषयी सांगायचे आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. कागदावर मला रंगांत छापले, मागे जाड कापड चिकटवले, वर-खाली काळ्या काठ्या ठोकल्या आणि मी अकोटच्या एका शाळेत आलो. तिथले भूगोलाचे शिक्षक जानराव सर मला खिळ्याला टांगत आणि छडीचे टोक माझ्यावरून हळूच फिरवत. मला ओरखडा पडू नये म्हणून त्यांनी त्या टोकाला चिंधी बांधली होती.

"पोट्टेहो, हे पेकिंग. आता याले बीजिंग म्हणतात," ते सांगत. "अन् हे सिआन. इथून एक भिक्खू पायी चालत आपल्या देशात आला होता. बुद्धाचे ग्रंथ शोधाले."

मुले तोंड उघडे टाकून पाहत. सत्तावीस वर्षे माझा असा मान होता. मग वर्गात डिजिटल फळा आला आणि मी मोडक्या बाकांमागे अंधारात पडलो. सर निवृत्त झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारले, "सर, तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ?" सरांनी मला मागून घेतले. एसटीत त्यांच्या मांडीला टेकून मी अकोल्याला आलो आणि बैठकीच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागलो.

दुर्गाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. अठ्ठावीस वर्षे त्यांनी अंगणवाडी सांभाळली होती. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूरपर्यंतचा. पहिल्याच संध्याकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अजी, एवढा मोठा देश भिंतीले टांगला, तर एक खेप जाऊन तरी येऊ."

त्यांची मुलगी नीलम अमरावतीला विद्यापीठात नोकरीला. तिने तिथल्या एका सहल कार्यालयात रागिणी नावाच्या बाईंकडे चौकशी केली आणि फोनवर कळवले, "दहा दिवस, चार शहरं. कोणती ते तुमी दोघं ठरवा."

दुर्गाबाईंनी टिकल्यांचे पाकीट आणले. बीजिंगवर एक टिकली लागली, त्यावर वाद नव्हता. सिआनवर सरांनी लावली. तिसरी लोयांगवर, कारण तिथे पांढऱ्या घोड्याच्या नावाचा जुना बौद्ध विहार आहे. चौथी टिकली दुर्गाबाईंनी स्वतः लावली. बीजिंगवर अंगठा ठेवून त्यांनी उजवीकडे वर वीत ताणली आणि करंगळी टेकली तिथे, हार्बिनवर.

"हार्बिन?" सर हसले. "अवं, ते पार कोपऱ्यात हाये. हिवाळ्यात नुसता बर्फ."

"बर्फच पाहाचा हाये मले. बर्फाची घरं करतात म्हणे तिथं, अन् आतून दिवे लावतात. मी मोबाईलवर पाह्यलं. जनम गेला अकोल्याच्या उन्हात. तीन शहरं तुमची, एक माहं असू द्या."

"पाहू," सर म्हणाले.

मित्रांनो, सर वाईट माणूस नव्हते. पण ज्या देशाविषयी आयुष्यभर शिकवले, तिथली चारच शहरे निवडताना त्यांचा जीव तुटायचा. ते पुस्तके आणत, वहीत टिपणे काढत. आज हार्बिन काढून शांघाय, उद्या शांघाय काढून हांगचौ. दुर्गाबाई आपली टिकली पुन्हा जागेवर लावत. पहिला हिवाळा असा गेला. दुसरा नानकिंग घ्यावे की लोयांग, यात गेला. रागिणीबाईंचे तीनदा फोन आले. सर दर वेळी म्हणाले, "जरा थांबा, यादी पक्की करून राहिलो." मग साथ आली, दारे बंद झाली, आणि पुढे कित्येक वर्षे चीनला जाणेच बंद झाले. सरांची वही मात्र भरतच राहिली.

त्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली. दुर्गाबाई मला पुसायला येत तेव्हा पूर्वी हातभर अंतरावर उभ्या राहत. मग वीतभर अंतरावर राहू लागल्या. पुढे पुढे तर त्यांचे नाक माझ्या कागदाला लागायचे. दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागे. चहाचा कप उचलताना बोटे कपाच्या शेजारी पडत. हार्बिन त्या आता डोळ्यांनी शोधत नसत. बोटाने चाचपत टिकलीपर्यंत जात, ती हाताला लागली की थांबत आणि थोडे हसत. माझ्या लक्षात आले होते. पण नकाशाला तोंड कुठे असते?

सर त्याच खोलीत वहीत मान घालून बसलेले असत.

गेल्या वर्षी जाणे-येणे पुन्हा सुरू झाले. रागिणीबाईंचा फोन आला. त्या दुपारी सरांनी सगळ्या जुन्या टिकल्या काढल्या, मला ओल्या फडक्याने पुसले आणि तीनच नव्या टिकल्या लावल्या: बीजिंग, सिआन, लोयांग. चौथी बोटावर घेऊन त्यांनी हाक मारली, "दुर्गा, ये इकडं. यादी पक्की झाली. चौथं शहर तुहं. तूच लाव."

दुर्गाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. टिकली घेऊन त्यांनी डावा हात माझ्यावर फिरवला. हाताला टिकली लागली, ती लोयांगची. तेच बीजिंग समजून त्यांनी वीत ताणली आणि बोट टेकवले.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "हार्बिन."

बोट समुद्रावर होते.

सरांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी बाईंकडे पाहिले. त्या भिंतीकडे बघून हसत होत्या, पण नजर कशावरच नव्हती.

"दुर्गा, तुले दिसत नाही?"

"मधातलं थोडं दिसते. बाजूचं नाही दिसून राह्यलं."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं."

दुसऱ्याच दिवशी नीलम आली आणि दोघांना अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. संध्याकाळी परतले तेव्हा कोणी दिवा लावला नाही. नीलमच्या बोलण्यातून मला कळले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला आता जन्मभर थेंब. वेळेवर आणले असते तर बरीच वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले होते.

"काहून सांगतलं नाही मले?" सरांनी विचारले.

"आधी वाटलं चष्म्याचा नंबर असन," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग वाटलं, सांगतलं तर तुमी म्हणसान, चीन राहू दे, दवाखाना पाहू. अन् तुमी विचारलं कोठी जी? तुमी शहरं विचारत होते."

सर माझ्यासमोर खाली बसले. वर्गभर पोरांना धाकात ठेवणारा तो माणूस लेकीदेखत हमसून रडला.

"आपण हार्बिनलेच जाऊ," ते म्हणाले. "बाकीची तीन राहू दे. मी सगळं सांगत जाईन तुले."

दुर्गाबाईंनी त्यांचा खांदा चाचपला. "नका त्रास करून घेऊ. आता कोठीबी नेलं तरी मले अकोल्यासारखंच हाये ते."

त्या गेल्या नाहीत. सरांनी रागिणीबाईंना स्वतः फोन करून नाही म्हणून कळवले. आठ दिवसांनी त्यांनी मला भिंतीवरून उतरवले आणि कपाटावर ठेवले. जिथे मी लागलो होतो तिथे भिंतीचा रंग अजून नवा आहे. आता सर दिवसातून दोनदा बाईंच्या डोळ्यांत थेंब घालतात. थेंब बाहेर सांडू नये म्हणून आधी त्यांची हनुवटी धरतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, मला कसरीपासून जपा, एवढे मागणारच होतो. पण मी कागद-कापडाचा आहे. फाटलो तर मला शिवता येईल, विटलो तर दुसरा छापता येईल. तुमच्या घरातले माणूस तसे नाही. त्याच्याशी उद्याचे बेत जरूर करा, पण त्याआधी एकदा त्याच्याकडे नीट पाहा आणि विचारा, तुला बरे वाटते ना. आणि ते एखादीच गोष्ट मागत असेल, तर त्याला 'पाहू' म्हणू नका.