आजोबांच्या कबरीतलं मूळ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. पातळ, फुगलेल्या रक्तवाहिन्यांची, तुतीच्या फळाएवढी. टोंगातल्या एका लहानशा बेटावर लुपे नावाच्या मुलीच्या मेंदूत मी वाढले. माझ्यासारखीच एक तिच्या आजोबांच्या डोक्यात होती. ते होडीतच डोकं धरून गेले. त्यांच्याकडून लुपेच्या वडिलांत, वडिलांकडून तिच्यात, अशी आमची जात रक्तातून उतरत आली.

वर्षानुवर्षं मी गप्प होते. लुपेचं लग्न झालं, सिउ झाली. मग मी थोडी थोडी झिरपू लागले. कापडासाठी बायका ओळीने बसून झाडाची साल कुटायच्या, आणि एकेक ठोका लुपेच्या कपाळात उमटायचा.

"काम दिसलं की हिचं डोकं दुखतं," एक म्हणायची.

"माझं तर नवरा दिसला की!" दुसरी.

लुपेही हसायची, डोळे मिटून.

नर्सबाईंनी तिला मोठ्या बेटावर दाखवायला सांगितलं. तिच्या नवऱ्याने, मोसेसेने, बोटीत जागाही धरली. पण आमच्याकडे वडिलांच्या बहिणीचा शब्द शेवटचा. फुसीआत्या म्हणाली, "आमच्या बाबांच्या कवटीत झाडाचं मूळ शिरलंय. तेच हिला छळतंय. कबर उघडायला हवी."

"आत्या, बोट गुरुवारी आहे."

"बोट परत येईल गं. बाबांनी किती दिवस तळमळायचं? आणि तो डॉक्टर काय हाडांशी बोलतो?"

गुरुवारी कबर खणली. खरंच मूळ सापडलं, कवटीतून आरपार गेलेलं. आत्याने रडत रडत ते सोडवलं, हाडांना खोबरेल तेल चोळलं. त्याच दिवशी लुपेचं डोकं दुखायचं थांबलं. माझं झिरपणं आपोआप थांबलं होतं, इतकंच. बोट तिच्याशिवाय गेली.

आत्या चुकली असंही नाही, मित्रांनो. दुखणं आजोबांकडूनच आलं होतं. फक्त हाडांतून नाही.

पुढे एका सकाळी सिउला तेल लावता लावता लुपे म्हणाली, "अगंबाई, किती हा उजेड..." आणि मी फुटले. तिचा हात लेकीच्या पोटावरच राहिला.

आता आम्ही दोघी पांढऱ्या वाळूखाली आहोत. सिउ शाळेत जाते. तिच्या डोक्यातही माझ्यासारखीच एक आहे, आणि हल्ली तीही कपाळ धरून बसते. कुणी डोकं दुखतं म्हणालं तर हसू नका. कबर खणायची तर खणा, पण बोट चुकवू नका.

पण माझं ऐकणार कोण? वर कुदळीचा आवाज येतो आहे. आज गुरुवार. आत्या म्हणते आहे, "हळू रे मोसेसे, लुपेला लागेल."